केबल कापण्याआधी रिमोट कुणाच्या हातात असतो ते बघा

केबल बंद करायची म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "स्टिक (टीव्हीला मागे लावून त्यावर इंटरनेटवरची ॲप दाखवणारी छोटी कांडी) कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "दुपारची जेवणं झाल्यावर तुमच्या टीव्हीसमोर कोण बसतं?" कॉलेजला किंवा ऑफिसला जाणाऱ्याला केबल असली काय नि नसली काय, तो मोबाइलवर बघून मोकळा होतो. केबल खरी वापरतात घरात थांबणारी माणसं आणि ती बंद करायचं ठरवतात बाहेर पडणारी. सगळी भांडणं इथेच होतात. घरात थांबणाऱ्यांची सोय आधी लावली, तर बाकीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मी मुलुंड पूर्वेला राहते, पतपेढीत हिशेब बघते. घरात सासू-सासरे, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि टीव्ही एकच. "तुमच्याकडे केबल नाही ना, मग मालिका कशा बघता?" असं विचारत सोसायटीतलं कुणी ना कुणी येतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी पावती काढा

केबलवाला महिन्याला किती घेतो हे घरात सगळ्यांना माहीत असतं, कशाचे घेतो ते कुणालाच नसतं. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नवे नियम लागू झाले आणि बिलाचे दोन भाग पडले. पहिला नेटवर्क शुल्काचा, म्हणजे वायर आणि फुकटच्या वाहिन्या घरात येण्याचे पैसे. ते तेव्हा जास्तीत जास्त १३० रुपये ठरलं, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १५३ रुपये ४० पैसे. दुसरा भाग तुम्ही घेतलेल्या पैशाच्या वाहिन्यांचा किंवा पॅकचा. २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची ती मर्यादा काढून टाकली, त्यामुळे तुमच्याकडचा आकडा वेगळा असू शकतो. केबल कंपनीच्या ॲपवर जा, नाहीतर केबलवाल्याकडून वाहिन्यांची यादी व्हॉट्सॲपवर मागवा आणि पेन घेऊन बसा.

या यादीत हमखास सापडतात त्या गोष्टी अशा: घरात लहान मूल नसताना चार कार्टून वाहिन्या, एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशा दोन आवृत्त्या, आणि कुणीतरी एका वर्ल्डकपपुरता घेतलेला स्पोर्ट्स पॅक. तो वर्ल्डकप होऊन गेला, पॅक बसलाय घरात पाहुण्यासारखा.

मला विचाराल तर बऱ्याच घरांनी इथेच थांबावं. घरात दोन ज्येष्ठ माणसं असतील, इंटरनेट नसेल आणि बघणं मराठी मालिका नि बातम्या एवढंच असेल, तर केबल तोडू नका. पॅक छाटा. एक मराठी पॅक आणि फुकटच्या वाहिन्या ठेवल्या की बिल निम्म्यावर येऊ शकतं आणि घरात कुणाला काही नवीन शिकावं लागत नाही. नवीन इंटरनेट घेऊन त्यावर दोन-तीन ॲप घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. जिओचा ३० एमबीपीएस वेगाचा साधा इंटरनेट प्लॅन ३९९ रुपयांचा, तो जीएसटीसह ४७० रुपये ८२ पैशांना पडतो, आणि त्यात अजून एकही मालिका आलेली नसते. इंटरनेट मुलांसाठी किंवा घरून कामासाठी आधीच घेतलेलं असेल, तरच केबल सोडण्याचा हिशेब जमतो.

फ्रिजवर कागद

कोण काय बघतं हे तोंडी विचारू नका. सगळे खोटं बोलतात. सासरे म्हणतात "मी फक्त बातम्या", आणि रात्री साडेदहाला जुन्या सिनेमांच्या वाहिनीवर असतात. फ्रिजवर कागद लावा, पंधरा दिवस ज्याने जे बघितलं ते त्यानेच लिहायचं: वाहिनी, वेळ, कोण. आमच्या कागदावर शेवटी पाच ओळी उरल्या: संध्याकाळच्या मालिका, मराठी बातम्या, भारताचे सामने, जुने सिनेमे आणि सकाळची आरती. केबलच्या यादीत शेकड्यांनी वाहिन्या होत्या.

आता एकेक ओळ घेऊ.

बातम्यांना एक पैसा देऊ नका. एबीपी माझा, टीव्ही नाइन मराठी, झी चोवीस तास, साम टीव्ही, सगळ्यांचं लाइव्ह यूट्यूबवर फुकट चालतं. दूरदर्शन सह्याद्रीच्या बातम्याही तिथे मिळतात. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं स्वतःचं ॲप काढलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. आरतीचंही तसंच, सिद्धिविनायकाचं दर्शन ऑनलाइन मिळतं आणि गणपतीत लालबागच्या राजाचं लाइव्ह यूट्यूबवर असतं. सासूबाई तर म्हणतात, रांगेत उभं राहून जेवढं दिसतं त्यापेक्षा इथे जास्त दिसतं.

मालिका हा खरा खर्च. इथे वाहिनी आणि ॲप यांची जोडी डोक्यात पक्की बसवा. झी मराठी पाहिजे तर झी फाइव्ह. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाल्यापासून हे एक बरं झालंय. सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. घरात या चारही ठिकाणच्या मालिका चालत असतील तर चार वर्गण्या, म्हणजे बहुधा केबलपेक्षा महाग. अशा घराने केबलच ठेवावी. दोन ठिकाणच्या चालत असतील तर सोडायला हरकत नाही.

ॲपवरच्या मालिकेचा फायदा म्हणजे वेळेची गुलामी संपते. भाजी फोडणीला टाकताना "अगं सुरू झालं!" अशी हाक येत नाही. काही मालिकांचा भाग पैसे भरणाऱ्यांना टीव्हीच्या आधी बघायला मिळतो, आणि मग सासूबाई संध्याकाळी खालच्या बाकावर पुढच्या भागात काय होणार ते सांगत बसतात. त्यांचा भाव वाढलाय.

क्रिकेटची भानगड वेगळी. आयपीएल आणि भारतात होणारे भारताचे सामने जिओहॉटस्टारवर असतात, २०२५ चा आशिया कप सोनी लिव्हवर होता. दौरा कुठला, हक्क कुणाकडे, हे दर वेळी बघावं लागतं. वर्षभराची वर्गणी एकाच ॲपची घ्या आणि दुसरं लागलं तर त्या महिन्यापुरतं घ्या. एक त्रास मात्र सोसावा लागतो: ॲपवरचा सामना केबलपेक्षा मागे चालतो. आमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावतोय तोवर समोरच्या बिल्डिंगमधून "गेला रे!" असा ओरडा येतो. नवरा फायनलच्या दिवशी खिडक्या लावून पंखा फुल करून बसतो. दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

ॲप घेताना या फटी बघा

प्रत्येक ॲपचा सगळ्यात स्वस्त प्लॅन बहुधा मोबाइलचा असतो आणि तो टीव्हीवर चालत नाही. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा तसाच आहे. टीव्हीसाठी १९९ पासून पुढे. मोबाइल रिचार्जसोबत "फुकट" मिळणारं ॲप टीव्हीवर चालतं का, हेही रिचार्ज करण्याआधी वाचा. दुसऱ्या घराचा पासवर्ड वापरण्याचे दिवसही सरत आले. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात ते बंद केलं, त्यामुळे पुण्याच्या नणंदेच्या खात्यावर मुलुंडमध्ये सिनेमा बघायचा बेत धरू नका. आणि पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या असंही नाही. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून जाहिराती लागतात, त्या नको असतील तर वर वेगळे पैसे.

माझा नियम एकच. कायमची वर्गणी फक्त त्या ॲपची, ज्यावर घरातल्या ज्येष्ठांची रोजची मालिका आहे. बाकी सगळी पाळीपाळीने: एक महिना घ्यायचं, साठलेलं बघून संपवायचं, बंद करायचं. मुलाला आवडत नाही, पण परीक्षेच्या महिन्यात ते पथ्यावरच पडतं.

बंद करायचं म्हणजे मोबाइलवरून ॲप उडवायचं नाही, तेवढ्याने पैसे कापले जायचे थांबत नाहीत. ॲपच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा, शिवाय ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले तिथे ऑटोपे (दर महिन्याला आपोआप पैसे कापायची सोय) उघडून परवानगी रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती एसएमएसच्या गर्दीत बुडते, म्हणून मी प्रत्येक वर्गणीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनने लिहिते. दूधवाल्याचे खाडे जिथे लिहिते, त्याच चौकटीत.

वायर, वायफाय आणि स्टिक

वेगाचं फार मनावर घेऊ नका. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ पुरतात. ३० चा प्लॅन असेल तर टीव्ही आणि दोन मोबाइल आरामात चालतात. शंभर-दोनशे एमबीपीएसचा प्लॅन गळ्यात मारायला बघतील, नको म्हणा. मात्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचं डोक्यातून काढा. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. रोजचे पाच तास धरले तर १५ जीबी, महिन्याला ४५० जीबी. रोज दोन जीबीचं रिचार्ज सकाळच्या बातम्यांतच संपेल.

टीव्ही अडकतो तो बहुतेक वेळा राउटरच्या जागेमुळे. फायबरवाला मुलगा घाईत असतो, तो दारापाशी राउटर ठोकतो नि जातो. त्याला तिथेच थांबवा आणि राउटर टीव्हीजवळ लावून घ्या. टीव्हीला किंवा बॉक्सला लॅन वायरची जागा असेल तर सरळ वायर जोडा, भिंतींची कटकटच मिटते. वायफायवरच चालवायचं तर राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी एकाच खोलीत ५ गीगाहर्ट्झचा चांगला; मध्ये भिंत आली की २.४ चा.

स्मार्ट टीव्ही असेल तर वेगळी स्टिक लागत नाही. टीव्ही जुना असून ॲप धापा टाकत उघडत असतील, तर नवा टीव्ही घेण्याआधी स्टिक लावून बघा. मागे एचडीएमआयचं भोक आहे का ते तेवढं तपासा. स्टिकला करंट टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा. यूएसबीतून बऱ्याचदा पुरेसा करंट मिळत नाही, मग ती मध्येच बंद होते आणि घरातले म्हणतात, "बघ, केबलच बरी होती."

आणखी एक रस्ता आहे, तो ज्येष्ठांच्या घरात फार उपयोगी. फायबर कंपन्या आता त्याच इंटरनेटवरून लाइव्ह वाहिन्याही देतात. जिओच्या सेट-टॉप बॉक्सवर जिओटीव्ही प्लस आहे, एअरटेलने २०२५ मध्ये आयपीटीव्ही सुरू केलं. वाहिनीचा नंबर दाबला की वाहिनी लागते, अगदी केबलसारखी. इंटरनेट नवीन घेणार असाल तर नुसत्या वेगाचा प्लॅन आणि वाहिन्यांसकटचा प्लॅन, दोन्ही भाव मागा. "मला झी मराठी आणि स्टार प्रवाह लाइव्ह दिसेल का?" हा प्रश्न त्या विक्रीवाल्याला नाव घेऊनच विचारा. "साडेतीनशे चॅनल आहेत मॅडम" हे त्याचं उत्तर नाही.

टिकल्या

आता सासूबाईंचा रिमोट. केबलच्या रिमोटवर त्यांना आपल्या वाहिनीचा नंबर पाठ होता, अंधारातसुद्धा बोट बरोबर जायचं. स्टिकच्या रिमोटला नंबरच नाहीत. वर टीव्ही चालू केला की काही लागतच नाही, नुसत्या चित्रांच्या चौकटी. "हा गप्प का बसलाय?" असं त्या टीव्हीला विचारायच्या.

मी टिकल्यांचं पाकीट आणलं. घराचं चित्र असलेल्या बटणावर मोठी लाल टिकली, मधल्या गोल बटणावर मरून, मागे यायच्या बाणावर हिरवी. चुकलं की लाल, हवं ते मरून, नको ते हिरवं. त्या आधी म्हणाल्या, "रिमोटला कसल्या टिकल्या लावतेस, उद्या ओटी भरशील." पण शिकल्या. टिकल्यांचा गोंद चांगला असतो, निघाली तर दुसरी लावायची. आवाजाच्या बटणाला काही लावू नका, तिथे नुसतं बोट जायला हवं.

यासोबत आणखी कामं करून ठेवा, नाहीतर टिकल्यांचा काही उपयोग नाही. होम स्क्रीनवरून बाकीची सगळी ॲप मागे ढकला आणि त्यांची दोन-तीन पुढे आणा. प्रत्येक ॲपमध्ये त्यांच्या नावाची वेगळी प्रोफाइल काढा, म्हणजे मुलाने बघितलेल्या मारधाडीचं पुढे काही येणार नाही आणि मालिका "पुढे बघा" या रांगेत पहिलीच सापडेल. भाषा मराठी करता येत असेल तिथे करा. काही ॲप दोन-तीन भाग झाले की "अजून बघताय का?" असं इंग्रजीत विचारून थांबतात, तेव्हा मरून टिकली दाबायची, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर ऑफिसात फोन येतो. रिमोटवर माइकचं बटण असेल तर तेही शिकवा. मालिकेचं नाव मोठ्याने घेतलं की ती समोर येते याचं त्यांना अजून अप्रूप आहे.

हे शिकवताना केबल चालू ठेवा. एक महिना दोन्ही. केबलचा रिमोट आपोआप धूळ खाऊ लागला की समजा वेळ झाली. तो धूळ खात नसेल तर केबल कापू नका, उगाच घरात महाभारत.

छपराशिवायची डिश

सासऱ्यांनी मात्र फ्री डिश मागितली आणि ती मला पटली. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं शून्य. डिश, बॉक्स, वायर आणि लावणाऱ्याची मजुरी धरून एकदाच दोन हजारांच्या आतबाहेर खर्च. इंटरनेट गेलं तरी टीव्ही चालू राहतो, हा तिचा मोठा गुण. झाडं छाटताना किंवा बिल्डिंगचं रंगकाम निघालं की फायबर तुटतं, हे मुंबईत नवीन नाही.

तिच्याकडून अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. खासगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावातून मिळते, त्यामुळे आज दिसलेली वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या मालिकांसाठी ती घेऊ नका. सह्याद्री, बातम्या, जुने हिंदी सिनेमे आणि डीडी स्पोर्ट्स यासाठी घ्या. क्रिकेटचा एक मुद्दा फारसा कुणाला ठाऊक नसतो. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीलाही द्यावं लागतं, म्हणून भारताचे बरेच एकदिवसीय आणि टी-२० सामने फ्री डिशवर फुकट दिसतात. आयपीएल त्यात नाही. बॉक्स घेताना एमपेग-फोरचा, म्हणजे नव्या पद्धतीचं प्रक्षेपण पकडणाराच मागा, जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या लागत नाहीत.

डिश लावायची कुठे? तिचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. मुंबईतून बघितलं तर आग्नेयेला आणि बराच वर, क्षितिजापासून साधारण ५७ अंशांवर. वास्तुशास्त्रवाले जिथे स्वयंपाकघर सांगतात तीच दिशा. त्या बाजूला खिडकी असेल तर ग्रिलवरही डिश बसते, गच्चीच लागते असं नाही. उपग्रह इतका उंच असल्यामुळे अगदी खेटून उभा टॉवर नसेल तर अडत नाही. वरच्या मजल्याचा छज्जा मात्र आडवा येतो, तो बघा. गच्चीवर लावायची तर सोसायटीच्या सेक्रेटरीची लेखी परवानगी आधी घ्या. जुलैच्या धो धो पावसात चित्र जातं. पाऊस ओसरला की आपोआप येतं, डिशला हात लावू नका.

केबलवाल्याला सांगताना

प्रीपेड पैसे संपण्याच्या आसपासची तारीख धरा. फोनवर तोंडी सांगून भागत नाही; व्हॉट्सॲपवर किंवा कागदावर लिहून द्या की अमुक तारखेपासून कनेक्शन बंद करा. बॉक्स, त्याचा अडॅप्टर आणि रिमोट परत देताना बॉक्सच्या मागच्या नंबरचा फोटो काढा आणि मिळाल्याची सही घ्या. सुरुवातीला अनामत भरली असेल तर पावती शोधून तीही मागा. माझ्या ओळखीच्या एका घरी बॉक्स नेल्यावर वर्षाने कुणीतरी त्याचेच पैसे मागायला आलं होतं. त्यांच्याकडे सही होती, विषय दारातच संपला.

त्याच्याशी वाकडं घेऊ नका. बऱ्याच भागांत तोच इंटरनेटही देतो, आणि "केबल सोडतोय, नेट चालू ठेवतो, किती कमी करशील?" या प्रश्नाला तो नाही म्हणत नाही. भिंतीतून आलेली काळी वायरही कापू नका, टोकाला टेप लावून कपाटामागे गुंडाळून ठेवा. उद्या घर भाड्याने दिलंत तर भाडेकरू पहिल्यांदा तीच विचारेल.